तॉक, किमची आणि टाको

गणेशचतुर्थीला उकडीचे मोदक कितीही मोजून केले तरी चार-पाच उरतातच. रात्री ते डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवले जातात. दुसऱ्या दिवशी डबा उघडला, की निराशा होते. काल बोट लावताच दबणारी पारी आज घट्ट झालेली असते आणि मोडताना तिचा तुकडा पडतो. सारणाची चव तशीच असते; बिघडते ती फक्त पारी. "वाळले गं," असे आजी म्हणते. पण झाकण घट्ट बसलेल्या डब्यातून पाणी जाणार कोठे? रात्री आणि सकाळी मोदक तोलून पाहा. वजनात फारसा फरक आढळणार नाही. म्हणजे पाणी होते तेथेच आहे. घडले आहे ते काही वेगळेच.

नेमक्या याच गोष्टीपायी अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याला २००१ साली एक खास कायदा करावा लागला. अर्थात मोदकासाठी नव्हे, तर त्याच्या कोरियातील चुलतभावासाठी. त्याचे नाव तॉक.

ही हकीकत कळण्यासाठी आपल्याला लॉस एंजेलिस शहरात जावे लागेल. तेथे 'कोरियाटाउन' या नावाने ओळखला जाणारा एक मोठा भाग आहे. १९६५ साली अमेरिकेने परदेशी लोकांच्या प्रवेशाचे नियम बदलले आणि आशियातून येणाऱ्यांना वाट मोकळी झाली. दक्षिण कोरियातून आलेली पुष्कळ कुटुंबे या शहरात स्थिरावली. १९७१ साली ऑलिंपिक बुलेव्हार्ड या रस्त्यावर कोरियन किराणा मालाचे एक मोठे दुकान निघाले, त्यामागोमाग खाणावळी निघाल्या आणि १९८० साली नगरपालिकेने या भागाला कोरियाटाउन म्हणून अधिकृत मान्यता दिली. १९९२ च्या एप्रिल-मेमध्ये शहरात मोठी दंगल उसळली, तेव्हा कोरियन लोकांची दोन हजारांहून अधिक दुकाने लुटली किंवा जाळली गेली. त्यातूनही वस्ती पुन्हा उभी राहिली. आज तेथे रात्री उशिरापर्यंत खाणावळी गजबजलेल्या असतात.

तॉक म्हणजे तांदळाच्या पिठाचा उकडलेला किंवा वाफवून कुटलेला पदार्थ. त्याचे प्रकार पुष्कळ. त्यांतील सोंगप्यॉन हा प्रकार पाहून तर कोकणातील माणूस थबकेल. तांदळाच्या उकडीची अर्धचंद्राकृती पारी, आत तीळ, गोड शेंगदाण्यांचे किंवा डाळीचे पुरण, आणि हे सारे पाइन वृक्षाच्या सुयांवर ठेवून वाफवलेले. आपल्या पातोळ्यांना जसा हळदीच्या पानाचा वास लागतो तसा सोंगप्यॉनला पाइनचा लागतो. चुसॉक नावाच्या सुगीच्या सणाला तो करतात. हा सण चांद्रवर्षाच्या आठव्या महिन्यातील पौर्णिमेचा. बहुतेक वर्षी ती आपल्या भाद्रपद पौर्णिमेलाच येते, कधी कोजागिरीला. दोन दूरच्या देशांनी एकमेकांना न विचारता एकाच ऋतूत एकच पदार्थ शोधून काढला, असे म्हणायला हरकत नाही.

कोरियाटाउनमध्ये तॉकची खास दुकाने आहेत. पहाटे तॉक करायचा आणि दिवसभरात विकून टाकायचा, ही त्यांची रीत. येथेच आरोग्य खात्याच्या निरीक्षकांशी खटका उडाला. निरीक्षकांच्या नियमाप्रमाणे शिजवलेला, ओलसर पिष्टमय पदार्थ एकतर सुमारे ५७ अंश सेल्सिअसच्या वर गरम ठेवला पाहिजे किंवा सुमारे ५ अंशांच्या खाली थंड. नियम खुळा नव्हता. तांदळात बॅसिलस सीरियस नावाच्या जीवाणूंची बीजाणुरूपे असतात. ती उकळत्या पाण्यातही टिकून राहतात. शिजलेला भात तासन् तास कोमट राहिला, की ती जागी होतात, वाढतात आणि विष तयार करतात. ते खाल्ले तर उलट्या होतात. तेव्हा निरीक्षकाने "फ्रिजमध्ये ठेवा" म्हणणे बरोबर होते. आणि दुकानदाराने "फ्रिजमध्ये ठेवला तर तो तॉकच राहत नाही" म्हणणेही तितकेच बरोबर होते. दगडासारखा झालेला तॉक घेणार कोण? ऐकले तर माल वाया, न ऐकले तर दंड.

फ्रिजमध्ये असे काय होते? तांदळातील मुख्य घटक म्हणजे पिष्ट, म्हणजेच स्टार्च. त्याचे रेणू ग्लुकोजच्या मण्यांच्या लांबच लांब माळांसारखे असतात. काही माळा सरळ असतात, त्यांना अमायलोज म्हणतात. काहींना झाडासारखे फाटे असतात, ते अमायलोपेक्टिन. कच्च्या पिठाच्या कणात या माळा दाटीने आणि बऱ्याच शिस्तीत बसलेल्या असतात. उकड काढताना उष्णतेने ही शिस्त मोडते, माळा सैल होतात आणि त्यांच्यामध्ये पाणी शिरते. म्हणून उकड मऊ आणि लवचीक लागते. ती निवू लागली, की माळा पुन्हा एकमेकींजवळ सरकतात, त्यांचे बारीक स्फटिक बनू लागतात आणि मधले पाणी बाजूला ढकलले जाते. पाणी पदार्थातच असते, पण माळांच्या कामाचे राहत नाही. या क्रियेला 'रेट्रोग्रेडेशन' म्हणतात. पाव शिळा होतो तोही मुख्यतः याच कारणाने.

आता गंमत पाहा. थंडीने पदार्थ टिकतो, असे आपण गृहीत धरतो. पण ही स्फटिक बनण्याची क्रिया गोठणबिंदूच्या थोडे वर, म्हणजे बरोबर फ्रिजच्या तापमानालाच सर्वांत वेगाने चालते. खोलीच्या उष्णतेत रेणूंची चुळबुळ जास्त असल्याने नवे स्फटिक सहज जुळत नाहीत. उलट बर्फाच्या कप्प्यात, उणे १८ अंशांना, रेणू जागच्या जागी जखडले जातात आणि क्रिया जवळजवळ थांबते. फ्रिजचे ४-५ अंश मात्र तिला मानवतात. पुन्हा वाफ दिली, की अमायलोपेक्टिनचे स्फटिक वितळतात आणि पदार्थ मऊ होतो. अमायलोजचे तेवढ्याने वितळत नाहीत, म्हणून पहिला मऊपणा पुरता परत येत नाही. मोदकाचे कोडे येथे सुटले.

२००१ च्या कायद्याने मधला मार्ग काढला. पारंपरिक पद्धतीने केलेला कोरियन तॉक २४ तासांपर्यंत फ्रिजबाहेर ठेवता येईल. मात्र वेष्टनावर तो कधी तयार केला ते छापले पाहिजे, एका दिवसात खाण्याची सूचना लिहिली पाहिजे, आणि दिवसाअखेर उरलेला माल नष्ट केला पाहिजे. थोडक्यात, तापमानाऐवजी घड्याळाला पहारेकरी नेमले. जीवाणूंच्या वाढीला तापमान लागते तसा वेळही लागतो. मला हा निर्णय फार शहाणपणाचा वाटतो. मात्र तो त्या एका पदार्थापुरता आणि त्या अटींवरच आहे, हे विसरू नका. रात्रभर ओट्यावर राहिलेल्या भाताला तो लागू नाही!

याच वस्तीतील दुसऱ्या एका पदार्थाला फ्रिज इतका प्रिय आहे, की त्याच्यासाठी वेगळा फ्रिजच निघाला. तो पदार्थ म्हणजे किमची. कोरियन खाणावळीत बसल्याबरोबर समोर छोट्या वाट्यांची रांग येते. तिला बान्चान म्हणतात. आपल्या पानातील डावी बाजू म्हणा ना! त्यांत किमची असायचीच. लांबट पानकोबी मिठात मुरवून, धुऊन, तिला लाल तिखट, लसूण, आले, कांद्याची पात आणि खारवलेली कोळंबी किंवा मासळी यांचे वाटण चोळतात आणि बरणीत दाबून भरतात. व्हिनेगर घालत नाहीत. आंबटपणा जीवाणूंनी आणायचा असतो.

मिठाने पानांतील पाणी सुटते आणि पुष्कळसे नको असलेले जीवाणू मागे पडतात. मीठ सोसणारे दुधाम्ल जीवाणू मात्र कोबीवर मुळातच असतात. सुरुवात करणाऱ्यांत ल्युकोनोस्टॉक मेसेंटेरॉइडिस हा महत्त्वाचा. हे नाव लांबलचक असले तरी जीवाणू तुमच्या घरचाच आहे. इडलीचे पीठ रात्रीत फुगते ते मुख्यतः याच्यामुळे. तो साखरेपासून लॅक्टिक आम्ल आणि कार्बन डायऑक्साइड वायू तयार करतो, म्हणून ताजी आंबलेली किमची जिभेला किंचित चुरचुरते. आम्लता वाढत गेली, की हा मागे हटतो आणि अधिक आम्ल सोसणारे त्याचे भाऊबंद पुढे येतात. पीएच मूल्य ४.२ ते ४.५ च्या आसपास आले, की किमची उत्तम लागते. ४.६ च्या खाली बोटुलिनम हा घातक जीवाणू वाढू शकत नाही, तेव्हा आम्लच येथे राखण करते.

पण जीवाणू तेथे थांबत नाहीत. खोलीच्या तापमानाला दोन-तीन दिवसांत आंबणारी किमची आणखी काही दिवसांत आंबटढाण होते. म्हणून कोरियात हिवाळ्याच्या तोंडाशी सारे घर मिळून किमची घालत आणि मातीचे रांजण जमिनीत पुरत. जमिनीखाली गारवा असतो, पण गोठण नसते. गावकीच्या या किमची घालण्याला, म्हणजे 'किमजांग'ला, युनेस्कोने २०१३ साली मानवी वारशाच्या यादीत घेतले. शहरात फ्लॅटमध्ये राहणाऱ्याने रांजण पुरायचा कोठे? तेव्हा खास किमचीचे फ्रिज निघाले. १९९५ नंतर त्यांचा प्रसार झपाट्याने झाला. त्यांतील तापमान शून्य अंशाच्या आसपास अगदी स्थिर ठेवलेले असते. साधा फ्रिज वारंवार उघडतो, तापतो आणि निवतो; ते जीवाणूंच्या पथ्यावर पडते.

फार आंबलेली किमची टाकून देत नाहीत. ती शिळ्या भाताबरोबर परततात. येथे रेट्रोग्रेडेशन उपयोगी पडते, कारण कडक झालेली शिते एकमेकांना चिकटत नाहीत. आपला फोडणीचा भातही आदल्या दिवशीच्या भाताचाच मोकळा होतो, हे तुम्हांला ठाऊक आहे.

खाणावळीच्या टेबलात मधोमध शेगडी बसवलेली असते आणि गिऱ्हाईक तेथेच मांस भाजून घेते. गाल्बी म्हणजे बरगडीचे मांस. ते सोया सॉस, साखर, लसूण आणि कोरियन नासपतीचा किंवा किवी फळाचा गर यांत मुरवतात. फळ केवळ गोडीसाठी नसते. किवीत ॲक्टिनिडिन नावाचे विकर, म्हणजे एन्झाइम, असते. ते मांसातील प्रथिनांचे धागे तोडते. आपल्याकडे मटणाला कच्ची पपई लावतात, तिच्यातील पपेन हेच काम करते. मुरवण जास्त वेळ राहिले तर मांसाचा लगदा होतो. भाजताना साखर आणि प्रथिनांतील अमिनो आम्ले यांचा संयोग होऊन तपकिरी रंग आणि खमंग वास येतो. ही मेलार्ड क्रिया. भाकरीला पापुद्र्यावर डाग पडतात तेव्हाही ती चाललेली असते.

कोरियाटाउन हे नाव असले तरी तेथील रहिवाशांत मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतून आलेल्यांची संख्या कोरियनांपेक्षा जास्त आहे, आणि कोरियन खाणावळींच्या मुदपाकखान्यांतही ते पुष्कळ आढळतात. तेव्हा आज ना उद्या गाल्बीची गाठ टाकोशी पडणारच होती. टाको म्हणजे मक्याच्या लहानशा पातळ भाकरीत गुंडाळलेले मांस-भाजी. मक्याचे दाणे चुन्याच्या पाण्यात शिजवून वाटतात, त्यामुळे पिठाला चिकटपणा येतो. २००८ च्या नोव्हेंबरमध्ये 'कोगी' नावाची एक खाण्याची गाडी शहरात फिरू लागली. कोगी म्हणजे कोरियन भाषेत मांस. मूळ कल्पना मार्क मॅन्गेरा यांची आणि स्वयंपाक सोल येथे जन्मून लॉस एंजेलिसमध्ये वाढलेल्या रॉय चॉय यांचा. मक्याच्या भाकरीवर गाल्बीचे मांस, वर तिखट-आंबट कोबी. मंदीचे दिवस होते, हॉटेले ओस पडत होती. गाडी आज कोठे उभी राहणार ते ट्विटरवर कळवले जाई आणि मध्यरात्री तेथे रांग लागे.

अशा पदार्थाला 'फ्यूजन' म्हणतात. पण कोठलाही पदार्थ कशातही घातला म्हणून फ्यूजन जमत नाही. येथे ते जमण्याला कारण आहे. बरगडीचे मांस तेलकट आणि गोड असते. आंबट-तिखट कोबी त्याचा जडपणा कापते. वडापावातील लसणाच्या चटणीचे काम तेच. आणि वडापावही फ्यूजनच नव्हे काय? बटाटा दक्षिण अमेरिकेचा, पाव पोर्तुगीजांचा, मिरची मेक्सिकोकडची.

मिरचीची गोष्ट तर विशेष सांगण्याजोगी. कोलंबसापूर्वी ती अमेरिका खंडाबाहेर नव्हती. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ती गोव्याच्या किनाऱ्यावर आणली. पूर्वेकडे जाता जाता ती कोरियात पोहोचली. बहुतेक इतिहासकारांच्या मते जपानमार्गे. १६१४ सालच्या एका कोरियन ग्रंथात तिचा उल्लेख सापडतो. त्याआधीची किमची लाल नव्हतीच. मेक्सिकोतून निघालेली मिरची अर्ध्या जगाला वळसा घालून कोरियन कोबीच्या अंगाला लागून मेक्सिकन भाकरीत परत आली, ती लॉस एंजेलिसच्या रस्त्यावर.

शेवटी एक प्रयोग. शिक्षकांनी तो वर्गात करून घ्यावा. तांदळाच्या उकडीचे सारख्या वजनाचे तीन गोळे करा आणि तीन झाकणबंद डब्यांत ठेवा. एक खोलीत, एक फ्रिजमध्ये, एक बर्फाच्या कप्प्यात. बारा तासांनी तिन्ही बाहेर काढून एक-दोन तास तसेच राहू द्या, म्हणजे सर्वांचे तापमान सारखे होईल. मग प्रत्येकावर एकच वजन एक मिनिट ठेवून गोळा किती चपटा झाला ते पट्टीने मोजा आणि वहीत लिहा. तिसऱ्या गोळ्याचा अंदाज आधी लिहून ठेवा. गोळे मात्र खाऊ नका. बॅसिलस सीरियसने कोणत्याही शाळेसाठी खास कायदा मान्य केलेला नाही.