बोस्टनचा चांदी कारागीर पॉल रिव्हिअर

१८ एप्रिल १७७५ च्या रात्री इंग्रज फौज निघाल्याची खबर घोड्यावरून गावोगाव देणारा, म्हणून अमेरिकेत पॉल रिव्हिअरचे नाव घेतले जाते. आपल्या कारागीर बांधवांना मात्र त्याचे दुकान अधिक जवळचे वाटेल.

वडिलांच्या हाताखाली तो चांदीकाम शिकला. १७५४ मध्ये ते वारले तेव्हा पॉल अवघा १९ वर्षांचा होता. १७६५ च्या सुमारास बोस्टनचा धंदा बसला. चांदीच्या किटल्यांना गिऱ्हाईक मिळेना, तेव्हा त्याने तांब्याच्या पत्र्यावर चित्रे कोरली, लोकांना खोटे दातही बसवून दिले. १७६८ मध्ये ब्रिटिश हुकूम धुडकावणाऱ्या ९२ प्रतिनिधींच्या सन्मानार्थ त्याने चांदीचा वाडगा घडवला. तो आजही बोस्टनच्या संग्रहालयात आहे.

खरी जोखीम त्याने ६६ व्या वर्षी घेतली. जहाजांना लागणारा तांब्याचा पत्रा इंग्लंडहून येई. १८०१ मध्ये त्याने कँटन येथे पदरचे २५ हजार डॉलर घालून पत्रा लाटण्याचा कारखाना काढला. सरकारने १० हजार डॉलर कर्जाऊ दिले, फेड पत्र्याच्या रूपात ठरली. १८०३ मध्ये ‘कॉन्स्टिट्यूशन’ युद्धनौकेच्या तळाला त्याचाच पत्रा ठोकला गेला. १८१८ मध्ये तो वारला. कारखाना मुलगा जोसेफने पुढे चालवला.