एक्स-रे नॉर्मल, तरी दुखणे का? तपासण्यांबद्दलचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

ठाण्यात कापूरबावडीहून मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ करत कासारवडवलीपर्यंत जाताना घोडबंदर रोडच्या दोन्ही बाजूंना निदान केंद्रांच्या पाट्या दिसतात : डिजिटल एक्स-रे, सोनोग्राफी, सीटी स्कॅन, एमआरआय. याच रस्त्यावर खड्डे, मेट्रोचे काम आणि गुजरातकडे जाणारे अवजड ट्रक यांच्यामधून वाट काढणारे दुचाकीस्वार रोज पाठ, मान आणि मनगटे दुखवून घेतात. तपासणी आता घराजवळ होते, पण हातात पडलेला रिपोर्ट कसा समजून घ्यायचा, हे कुणी निवांत बसून सांगत नाही. मग शेजारीपाजारी आणि सोसायटीच्या ग्रुपवर ऐकलेल्या गोष्टींवर विश्वास बसतो.

आधी एक गोष्ट लक्षात घेऊ. शरीर चार प्रकारच्या ऊतींचे बनले आहे. त्वचा आणि अवयवांचे अस्तर बनवणारी अभिस्तर ऊती, हालचाल घडवणारी स्नायू ऊती, संदेश वाहणारी चेता ऊती आणि सगळ्यांना जोडणारी, आधार देणारी संयोजी ऊती. हाड, कूर्चा, लिगामेंट, चरबी आणि रक्तसुद्धा या संयोजी ऊतीतच मोडतात. प्रत्येक तपासणीला यांतले काही चांगले दिसते, काही अजिबात दिसत नाही. बहुतेक गैरसमजांचे मूळ इथेच आहे.

गैरसमज : एक्स-रे नॉर्मल आहे, म्हणजे काही झालेले नाही.

वस्तुस्थिती : हाडातले कॅल्शियम क्ष-किरण अडवते, म्हणून हाड पांढरे दिसते. फुप्फुसातली हवा किरणांना वाट देते, म्हणून ती काळी दिसते. स्नायू, लिगामेंट, नसा आणि रक्तवाहिन्या मात्र जवळपास एकाच करड्या छटेत मिसळून जातात. त्यामुळे गुडघ्याचे लिगामेंट पूर्ण तुटले असले तरी साधा एक्स-रे स्वच्छ येऊ शकतो.

हाडाच्या बाबतीतही हे घडते. गाडी घसरली की आपण तळहात टेकून पडतो. तेव्हा मोठा भार मनगटातल्या स्कॅफॉइड नावाच्या लहानशा हाडावर येतो. अंगठा ताणला की त्याच्या मुळाशी जो खळगा पडतो, नेमके तिथे दाबल्यावर दुखते. या हाडाची बारीक चीर पहिल्या दिवसांत एक्स-रेवर दिसेलच असे नाही. म्हणून डॉक्टर मनगट प्लास्टरमध्ये ठेवून दहा-चौदा दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढायला सांगतात, किंवा गरज वाटल्यास एमआरआय करतात. पेशंटला हा उगाच वाढवलेला खर्च वाटतो. पण या हाडाचा रक्तपुरवठा नाजूक असतो. चीर निसटली तर हाडाचा तुकडा रक्ताअभावी मरू शकतो आणि मनगट कायमचे दुखते.

गैरसमज : रिपोर्टमध्ये ‘एल-फोर एल-फाइव्ह’ आले, म्हणजे मणक्याचा आजार झाला.

वस्तुस्थिती : एल-फोर, एल-फाइव्ह हा आजार नाही, पत्ता आहे. पाठीच्या कण्यात मानेचे ७, छातीमागचे १२ आणि कंबरेचे ५ मणके असतात. कंबरेचा चौथा आणि पाचवा मणका म्हणजे एल-फोर आणि एल-फाइव्ह. वरच्या शरीराचे सर्वाधिक वजन याच भागावर येत असल्याने तिथल्या मणक्यांमधली गादी (डिस्क) लवकर झिजते आणि रिपोर्टमध्ये हे नाव वारंवार दिसते.

‘गादी सरकली’ असे आपण म्हणतो, पण गादी जागेवरून निसटत नाही. ती फुगते, किंवा तिचा आतला मऊ भाग बाहेर येतो. मुख्य म्हणजे, गादी फुगलेली दिसली म्हणून दुखणे तिच्यामुळेच आहे असे ठरत नाही. कंबर अजिबात न दुखणाऱ्या ३,११० लोकांच्या तपासण्यांचा आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात विशीतल्या सुमारे ३० टक्के, तर ऐंशीच्या आसपासच्या सुमारे ८४ टक्के लोकांमध्ये गादी फुगलेली आढळली. म्हणूनच रिपोर्टच्या तळाशी ‘क्लिनिकली कोरिलेट’ असे लिहिलेले असते. चित्र, पेशंटची तक्रार आणि डॉक्टरांनी हाताने केलेली तपासणी यांचा मेळ बसला, तरच ते निदान.

गैरसमज : गुडघ्यातले ग्रीस संपले की गुडघे वाजतात.

वस्तुस्थिती : सांध्यात वंगणासारखा द्रव असतो, पण संधिवातात मुख्यतः झिजते ती हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत कूर्चा. एक्स-रेत कूर्चा दिसत नाही. दोन हाडांमधली मोकळी दिसणारी जागा म्हणजेच ती. ती जागा किती उरली हे कळावे म्हणून हा एक्स-रे शक्यतो उभे करून, गुडघ्यांवर वजन देऊन काढतात. नुसता कटकट आवाज येत असेल आणि दुखत किंवा सुजत नसेल, तर सहसा घाबरण्याचे कारण नसते.

गैरसमज : फिल्मवर उजवीकडे दिसते, म्हणजे दुखणे उजव्या बाजूला आहे.

वस्तुस्थिती : वैद्यकात उजवे-डावे पेशंटचे धरतात, बघणाऱ्याचे नाही. पेशंट समोर उभा आहे असे मानून फिल्म वाचली जाते, त्यामुळे हृदयाचे टोक फिल्मवर आपल्या उजव्या हाताला दिसते. कोपऱ्यातली ‘आर’ किंवा ‘एल’ ही खूण त्यासाठीच असते.

गैरसमज : सगळ्याच तपासण्यांत रेडिएशन असते आणि ते सारखेच घातक असते.

वस्तुस्थिती : सोनोग्राफी ध्वनिलहरींवर चालते, एमआरआय चुंबक आणि रेडिओलहरींवर. या दोन्हींत क्ष-किरण नसतात. एक्स-रे आणि सीटीमध्ये असतात, पण प्रमाणात मोठा फरक आहे. छातीच्या एका एक्स-रेत साधारण ०.१ मिलिसिव्हर्ट किंवा त्याहून कमी मात्रा मिळते. माती, आकाश आणि अन्नातून माणसाला वर्षभरात सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतच असते. पोटाच्या सीटीत मात्र ८ ते १० मिलिसिव्हर्टपर्यंत मात्रा जाते. गरज असेल तेव्हा सीटी जीव वाचवतो, त्यामुळे घाबरून टाळू नये. विनाकारण पुन्हा पुन्हाही करू नये. कोविडच्या काळात सौम्य लक्षणांतही ‘स्कोअर किती’ हे पाहण्यासाठी छातीच्या सीटीला, म्हणजे एचआरसीटीला, रांगा लागल्या होत्या. सप्टेंबर २०२० मध्ये राज्य सरकारला या तपासणीचे दर २,००० ते ३,००० रुपयांच्या मर्यादेत बांधून द्यावे लागले.

एक्स-रे आणि सीटी यंत्रांवर मुंबईतल्या अणुशक्तीनगरातील अणुऊर्जा नियामक मंडळाचे नियंत्रण असते. गर्भधारणेची शक्यता असेल तर तपासणीआधीच सांगावे.

गैरसमज : सोने चुंबकाला चिकटत नाही, मग एमआरआयला मंगळसूत्र चालेल.

वस्तुस्थिती : चालत नाही. शुद्ध सोने चिकटत नसले तरी दागिन्यातली कडी किंवा मिश्रधातू चिकटू शकतो, धातू तापून त्वचा भाजू शकते आणि चित्रही बिघडते. जोडवी, केसांच्या पिना, साडीची सेफ्टी पिन, सगळे काढावे लागते. पेसमेकर किंवा शरीरात बसवलेली क्लिप असेल तर ते आधी सांगणे अत्यावश्यक आहे.

‘मशीन सुरू नाही, म्हणजे धोका नाही’ हा समज तर जीवघेणा आहे. नेहमीच्या १.५ टेस्ला यंत्राचे चुंबक पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे तीस हजार पट ताकदीचे असते आणि तपासणी चालू नसतानाही ते काम करतच असते. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईच्या नायर रुग्णालयात नातेवाइकासाठी ऑक्सिजनचे धातूचे सिलिंडर घेऊन एमआरआयच्या खोलीत गेलेला एक तरुण यंत्राकडे खेचला गेला आणि त्याचा मृत्यू झाला. नातेवाइकांनीही सांगितल्याशिवाय त्या दारात पाऊल टाकू नये.

गैरसमज : गाठीला सुई लावली की कॅन्सर पसरतो.

वस्तुस्थिती : योग्य पद्धतीने केलेल्या बायोप्सीने कॅन्सर पसरण्याचा धोका अत्यंत कमी आहे. उलट या भीतीने गेलेले महिने धोकादायक ठरतात. स्कॅन गाठीची जागा, आकार आणि ठेवण दाखवतो. ती कोणत्या ऊतीची आहे आणि पेशी कशा आहेत, याचे पक्के उत्तर बहुतेक वेळा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहूनच मिळते.

गैरसमज : मोठे मशीन, महागडी तपासणी म्हणजे अचूक निदान.

वस्तुस्थिती : पित्ताशयातले खडे बघायला सोनोग्राफी पुष्कळदा सीटीपेक्षा सरस ठरते. हाडाच्या साध्या फ्रॅक्चरला एक्स-रे पुरतो. तब्येत ठणठणीत असताना केलेल्या ‘फुल बॉडी’ स्कॅनमध्ये निरुपद्रवी डाग सापडतात आणि त्यांच्या मागे आणखी तपासण्या, आणखी खर्च आणि झोप उडवणारी काळजी सुरू होते.

म्हणून तपासणीची चिठ्ठी हातात आली की डॉक्टरांना तीन प्रश्न जरूर विचारा : यातून नेमके काय बघायचे आहे? त्याने उपचारात काय बदल होईल? याहून साधी तपासणी पुरेल का? जुन्या फिल्म आणि रिपोर्ट जपून ठेवा आणि प्रत्येक वेळी सोबत न्या. आणि रिपोर्ट स्वतःच वाचून घाबरू नका, तो डॉक्टरांसमोर बसून समजून घ्या.