उभी फियाट : पुन्हा रस्त्यावर आणावी का?

फियाट ११०० आणि तिचीच पुढची आवृत्ती असलेली प्रीमियर पद्मिनी यांना महाराष्ट्रात सरसकट ‘फियाट’ म्हणतात. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात ही मोटार १९५४ पासून विसावे शतक सरेपर्यंत तयार होत राहिली. मुंबईत टॅक्सीला २० वर्षांची वयोमर्यादा आहे. तिच्यामुळे ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. खासगी फियाट मात्र वाड्याच्या पडवीत, पत्र्याच्या शेडमध्ये, लिंबाच्या झाडाखाली अजून उभ्या आहेत. अशी गाडी पुन्हा चालती करावी, आहे तशी जपावी, की तिच्या सुट्या भागांवर दुसरी गाडी उभी करावी, याचा निर्णय आठवणींच्या भरात घेतला तर पैसा आणि गाडी दोन्ही जातात. तो तपासणीवर घ्यावा लागतो.

गाडीचे घराणे

सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. सुरुवातीला तेथे अमेरिकन क्रायस्लर कंपनीच्या गाड्यांची जुळणी होत असे. १९५४ मध्ये फियाट ११०० ‘मिलेचेन्तो’ आली. गोलाकार अंगाच्या आणि पुढची दारे उलट्या दिशेने उघडणाऱ्या त्या सुरुवातीच्या गाड्यांना मुंबईकरांनी ‘डुक्कर फियाट’ हे नाव दिले. १९६४ मध्ये ११०० डी, म्हणजे ‘डिलाइट’, आली. पुढे सत्तरच्या दशकात इटालियन कंपनीशी असलेला करार संपल्यावर तीच गाडी आधी ‘प्रेसिडेंट’ आणि नंतर चितोडच्या राणीच्या नावावरून ‘पद्मिनी’ झाली. परवाना राजच्या काळात ती मिळवण्यासाठी वर्षानुवर्षे नंबर लावून बसावे लागे.

ही चार दारांची घरगुती गाडी असली तरी तिच्या इंजिनाचे घराणे शर्यतीचे आहे. दान्ते जाकोसा यांनी १९३७ च्या फियाट ५०८ सी साठी जे इंजिन आखले, त्याचे बोअर ६८ मिलिमीटर आणि स्ट्रोक ७५ मिलिमीटर होते. त्यातून १०८९ घनसेंटिमीटर क्षमता मिळते आणि पद्मिनीच्या इंजिनाची मापेही हीच आहेत. युद्धानंतर इटलीतल्या सिसितालिया कंपनीने याच इंजिनात सुधारणा करून छोट्या स्पोर्ट्स कार बनवल्या. १९४७ च्या मिले मिलिया शर्यतीत ताझिओ नुव्होलारी अशाच एका गाडीतून दुसरे आले. पिनिनफारिनाने घडवलेली सिसितालिया २०२ तर न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात आहे. भारतातही चेन्नईजवळच्या शोलावरम धावपट्टीवर फेरफार केलेल्या फियाट शर्यतीत उतरत. म्हणून शेडमध्ये धूळ खात असलेली फियाट भंगार म्हणून वजनावर देण्याआधी ती नीट पाहणे गरजेचे आहे.

बांधणी कळली की निम्मे काम झाले

जीप किंवा ट्रकला खाली स्वतंत्र चॅसिस असते. बॉडी सडली तरी चॅसिस शाबूत असेल तर गाडी वाचते. फियाटला असे वेगळे चॅसिस नाही. फरशी, दारांखालच्या पेट्या, खांब, छत आणि पुढच्या चाकांवरचे पत्रे एकत्र वेल्डिंग करून झालेला सांगाडाच सगळा भार पेलतो. पुढे कॉइल स्प्रिंगांचे स्वतंत्र सस्पेन्शन, मागे अखंड अ‍ॅक्सल आणि कमानपाटे, चारही चाकांना ड्रम ब्रेक, बहुतेक गाड्यांत स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर, ओतीव लोखंडाचा इंजिन ब्लॉक आणि त्यावर अ‍ॅल्युमिनियमचे हेड, अशी बाकीची रचना साधी आहे. नटबोल्टने बसवलेला प्रत्येक भाग खोलून दुरुस्त करता येतो. सडलेला सांगाडा मात्र सहज बदलता येत नाही. त्यामुळे तपासणी सुरू करायची ती पत्र्यापासून.

कोरडी हवा : फायदा आणि तोटा

गाडी कुठे उभी होती, यावर तिची अवस्था ठरते. मुंबई-कोकणात खारी, दमट हवा पत्र्याला आतून खाते. याउलट नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातला, गर्भगिरीच्या डोंगररांगांतला पाथर्डी तालुका पर्जन्यछायेत येतो. येथे पाऊस कमी, ऊन कडक आणि हवा वर्षातला बराच काळ कोरडी असते. छपराखाली, फरशीवर उभ्या असलेल्या येथील गाडीचा सांगाडा किनाऱ्यावरच्या तितक्याच जुन्या गाडीपेक्षा चांगला निघण्याची शक्यता मोठी असते.

मात्र कोरड्या हवेत दुसऱ्या गोष्टी जातात. काचांची रबरे कडक होऊन तडकतात, डॅशबोर्ड भेगाळतो, टायरांच्या कडा चिरतात, सीटमधला काथ्या आणि फोम भुगा होतो. शेजारी धान्य किंवा कापूस साठवलेला असेल तर उंदीर वायरिंग कुरतडतात आणि सीटमध्ये घरटी करतात. त्यांच्या मूत्राने फरशी गंजते. मातीवर उभी केलेली गाडी खालून ओल घेते. वर टाकलेली प्लास्टिकची ताडपत्री पावसाळ्यात वाफ कोंडून ठेवते, आणि गाडीचे रक्षण म्हणून टाकलेल्या आच्छादनाखालीच छत गंजते.

पाण्याचा मुद्दा वेगळा. या भागात विहिरी-बोअरचे जड पाणी रेडिएटरमध्ये भरण्याची सवय होती. त्यातले क्षार रेडिएटरच्या नळ्या बुजवतात. अ‍ॅल्युमिनियमचे हेड आणि लोखंडी ब्लॉक यांच्यामध्ये साधे पाणी वर्षानुवर्षे राहिले की हेडमधल्या पाण्याच्या वाटा झिजून खड्डे पडतात. रेडिएटरचे झाकण उघडल्यावर तांबूस-पांढरा गाळ दिसला, तर हेड उतरवून पाहिल्याशिवाय इंजिनाबद्दल मत देऊ नये.

पत्र्याची तपासणी

यासाठी लोहचुंबक, स्क्रूड्रायव्हर, टॉर्च आणि जॅक एवढे पुरते. चुंबक पातळ कापडात गुंडाळून बॉडीवरून फिरवायचा. तो जिथे धरत नाही तिथे रंगाखाली जाड लांबी भरलेली असते आणि बहुधा तिच्याखाली पत्रा उरलेला नसतो. मग चटया आणि खालचा डांबरी थर काढून फरशी, दारांखालच्या पेट्या, चाकांच्या वरच्या कमानी, डिकीचा तळ, बॅटरीची बैठक आणि पुढच्या काचेच्या रबराखालची कड स्क्रूड्रायव्हरने टोचून पाहायची. वरवरचा गंज टोकाला अडतो. पत्रा कुजला असेल तर टोक आत जाते.

शेवटची परीक्षा सांगाड्याच्या ताकदीची. कंपनीने दिलेल्या जॅकच्या जागी गाडी एका बाजूने उचलायची आणि त्या बाजूची दारे उघडून लावायची. दार सहज लागले आणि कडेची फट वरपासून खालपर्यंत सारखी राहिली, तर पेट्या भार घेत आहेत. दार घासू लागले, फट वर रुंद आणि खाली अरुंद झाली, किंवा जॅकच पेटीत घुसला, तर सांगाडा खचला आहे. अशा गाडीला वरून पॅच मारून रंग दिला तर ती देखणी दिसते, पण अपघातात टिकत नाही.

इंजिन, ब्रेक, वायरिंग

उभ्या गाडीला बॅटरी जोडून लगेच स्टार्टर मारणे, ही सर्वांत महागात पडणारी घाई आहे. आधी टाकीतले जुने पेट्रोल काढून टाकावे. ते घट्ट होऊन कार्ब्युरेटरचे जेट बुजवते. चारही प्लग काढून भोकांतून थोडे ऑइल सोडावे आणि दोन-तीन दिवस मुरू द्यावे. मग इंजिन ऑइल बदलून, टॉप गिअर टाकून गाडी हळूच मागेपुढे ढकलावी. इंजिन फिरले तर कॉम्प्रेशन मोजावे. चारही सिलिंडरांचे आकडे जवळपास सारखे आले, तर टॉप ओव्हरहॉलवर भागू शकते. एखादा सिलिंडर फार मागे असेल तर हेड उतरवावे लागते. इंजिन जाम असले तरी ते रद्द ठरत नाही. बोअरिंग, नवे रिंग-पिस्टन आणि हेड फेस करणे ही कामे तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावात होतात.

ब्रेकच्या बाबतीत तडजोड नसते. उभ्या गाडीत व्हील सिलिंडर आणि मास्टर सिलिंडर गंजून अडकतात. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषते, म्हणून रबरी वॉशर, नळ्या आणि ऑइल सरसकट बदलावे. टायरच्या बाजूवर चार आकडी खूण असते. पहिले दोन आकडे उत्पादनाचा आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. नक्षी शाबूत दिसली तरी फार जुने टायर काढून टाकावेत. कुरतडलेले वायरिंग जोडत बसण्यापेक्षा नवी हार्नेस घालणे सुरक्षित असते. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असल्याने जुन्या रबरी इंधननळ्या आणि पंपाचा पडदा बदलून इथेनॉल सोसणारे घ्यावे लागतात.

कागद

पत्र्याइतकेच वजन कागदाला आहे. आरसी बुक, चॅसिस आणि इंजिन क्रमांकांचा मेळ, कर्जाचा बोजा उतरल्याची नोंद, आणि मूळ मालक हयात नसेल तर वारसाच्या नावे फॉर्म ३१ भरून हस्तांतर, इतके जमत नसेल तर गॅरेजमध्ये एक रुपयाही घालू नये. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी आणि त्यानंतर दर पाच वर्षांनी नव्याने करावी लागते. एप्रिल २०२२ पासून मोटारीसाठी हे शुल्क ६०० वरून ५,००० रुपये झाले आणि २० वर्षांवरील गाड्यांसाठी २०२५ मध्ये ते आणखी वाढले. त्यात पर्यावरण कर आणि महिन्यागणिक वाढणारा उशिराचा दंड धरावा लागतो. पाथर्डीतल्या गाडीसाठी हे काम नगरच्या एमएच-१६ कार्यालयाकडे येते.

पहिल्या नोंदणीला ५० वर्षे झालेल्या गाडीला दुसरी वाट आहे. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांसाठी नियम केले. त्यात ‘व्हीए’ अक्षरांचा खास क्रमांक, २०,००० रुपये शुल्क आणि १० वर्षांची मुदत आहे. अशी गाडी रोजच्या किंवा धंद्याच्या कामाला वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती अशा कारणांसाठीच ती रस्त्यावर येऊ शकते. गाडी मूळ रूपात असण्याची अटही आहे. ज्या फियाटमध्ये दुसऱ्या कंपनीचे डिझेल इंजिन बसवले आहे, तिला ही सवलत मिळणे अवघड. शिवाय असा बदल आरसीवर चढलेला नसेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली अडचण येते.

सुटे भाग आणि कारागीर

टॅक्सीमुळे मुंबईत फियाटचे भाग अनेक वर्षे मुबलक मिळत होते. कुर्ल्याचा भंगार बाजार, चोर बाजार आणि पुण्याचा जुना बाजार येथे अजूनही शोध लागतो, पण टॅक्सी बंद झाल्यापासून हा साठा नव्याने भरत नाही. ब्रेक, क्लच, बेअरिंग, गॅस्केट हे झिजणारे भाग मिळतात. डुक्कर फियाट आणि डिलाइटच्या क्रोमपट्ट्या, दिव्यांच्या कड्या, मूळ मीटर हे मात्र दुर्मीळ. म्हणून गाडी विकत घेताना इंजिनापेक्षा पट्ट्या, काचा आणि मीटर पूर्ण आहेत का, हे आधी पाहावे. पॉइंटचा गॅप आणि टायमिंग कानाने लावणारे, गॅस वेल्डिंगवर पत्रा ताणू न देणारे मिस्त्री आता वयस्क झाले आहेत. त्यांचा हात चालता आहे तोवरच हे काम नीट होईल.

निर्णय

तपासणीतून चार निकाल निघतात. सांगाडा भक्कम, कागद पूर्ण आणि गाडी ५० वर्षांवरची किंवा सुरुवातीच्या मॉडेलची असेल, तर मूळ रूपात संपूर्ण रिस्टोरेशन करण्याजोगी ती आहे. सांगाडा भक्कम पण गाडी ऐंशी-नव्वदच्या दशकातली असेल, तर ब्रेक, टायर, वायरिंग आणि इंजिन सुरक्षित करून ती चालती ठेवावी. जुना रंग टिकला असेल तर उगाच खरवडू नये. गाडी चांगली पण पैसा आत्ता नाही, तर टाकी आणि रेडिएटर रिकामे करावे, बॅटरी काढावी, गाडी ठोकळ्यांवर उचलून कापडी आच्छादनाखाली ठेवावी. अशी जपलेली फियाट थांबू शकते. सांगाडा खचला आणि कागदही नाहीत, तर तिची काच, दारे, गिअरबॉक्स आणि पट्ट्या दुसऱ्या दोन-तीन फियाटना द्याव्यात. आरटीओच्या दप्तरी नोंदणी असेल तर ती रीतसर रद्द करून उरलेला सांगाडा मान्यताप्राप्त भंगार केंद्राकडे सोपवावा.

खर्चाचा अंदाज पत्रा, यंत्र आणि कागद अशा तीन भागांत लेखी घ्यावा. पत्र्याच्या कामात उघडल्यावर जास्त निघण्याची तयारी ठेवावी, आणि ते काम संपल्याखेरीज रंगाचे पैसे देऊ नयेत. चालती झालेली गाडी पुन्हा उभी राहू देऊ नये. आठवड्याला थोडी धाव, वर्षाला ऑइल, ठरल्या मुदतीत ब्रेक ऑइल आणि रेडिएटरमध्ये कूलंट, एवढ्यावर कुर्ल्यात घडलेले हे यंत्र पुढच्या पिढीच्या हाती धडधाकट देता येते.