आधी वही, मग वेष्टन

लिहून ठेवण्यासारखे काही ना काही प्रत्येक घरात असतेच. दुधाचा व किराण्याचा हिशेब, उसने दिलेले पैसे, बचत गटात भरलेली रक्कम, मुलांच्या लशींच्या तारखा, वडीलधाऱ्यांच्या औषधांच्या वेळा, पेरणीचा दिवस अशा कितीतरी नोंदी कुटुंबाला वर्षानुवर्षे लागतात. आता पुष्कळ लोक त्या मोबाईलमध्ये ठेवितात. परंतु मोबाईल बिघडला किंवा हरवला की त्यातील नोंदीही हाताशी राहत नाहीत, आणि आजीला तर त्या उघडताही येत नाहीत. वही मात्र घरातील सर्वांना सारखीच उघडी असते. तिचे दुखणे एवढेच की, पुठ्ठा फाटला म्हणजे पहिली व शेवटची पाने सुटू लागतात, आणि नेमका त्याच पानांवर एखादा महत्त्वाचा आकडा असतो.

या दुखण्यावर सोपा उपाय आहे. वहीला असे मजबूत वेष्टन घ्यावे की, आतील वही संपली तर ती काढून दुसरी घालता यावी व वेष्टन तेच राहावे. ही कल्पना आपणांस परकी नाही. जुन्या पोथ्यांची सुटी पाने दोन लाकडी फळ्यांमध्ये ठेवून वर कापड गुंडाळीत. पुण्याच्या पेशवे दफ्तरातील कागद कापडी रुमालांत बांधून ठेवण्याची रीत तर प्रसिद्धच आहे. पाश्चात्त्य देशांत जर्मनीच्या बॉन शहरातील फ्रीड्रिख झ्योनेकेन यांनी 1886 साली कागदास छिद्रे पाडण्याचे यंत्र पुढे आणले, आणि कड्यांत कागद अडकविण्याची पद्धत तेथून रूढ झाली.

आज बाजारात अशी वेष्टने नाना प्रकारची मिळतात. देखणे वेष्टन पाहून मन लोभावते, व मग त्यात बसणारी वही गावात कोठेच मिळत नाही. म्हणून पहिला नियम हा की, आधी वही ठरवावी, मग वेष्टन. वेष्टन एकदा घ्यावयाचे असते. वही पुन्हा पुन्हा घ्यावी लागते.

आपल्या गावच्या किंवा तालुक्याच्या दुकानात कोणत्या मापाची वही बाराही महिने मिळते, ते प्रथम पाहावे. ए-पाच हे माप 148 × 210 मिलिमीटर असते, म्हणजे नेहमीच्या ए-चार कागदाची घडी घातली की जेवढा होतो तेवढे. विकत मिळणारी पुष्कळशी वेष्टने याच मापाची असतात. आपल्याकडील शालेय वही मात्र बहुधा 24 × 18 सेंटिमीटर असते, आणि ती ए-पाचच्या वेष्टनात मुळीच बसत नाही. म्हणून दुकानात जाताना आपली वही सोबत न्यावी व तेथेच घालून पाहावी. वेष्टन मिटल्यावर वहीच्या कडा बाहेर डोकावू नयेत, आणि उघडल्यावर ते पाठीकडे ताणले जाऊ नये.

दुसरी गोष्ट, वही आत कशी धरली जाते. याचे तीन मुख्य प्रकार आहेत. पहिल्यात वहीचे दोन्ही पुठ्ठे आतील कप्प्यांत सरकवितात. हा सर्वांत सोपा व स्वस्त प्रकार असून हिशेबाला उत्तम. दुसऱ्यात वेष्टनाच्या पाठीला लवचिक दोरी असते व तिच्याखाली दोन-तीन पातळ वह्या अडकवितात. जपानच्या मिदोरी या नाममुद्रेने 2006 साली काढलेली प्रवासाची वही याच जातीची. एकीत खर्च, दुसरीत औषधे अशी विभागणी ज्यांना हवी, त्यांना हा प्रकार सोयीचा. तिसऱ्या प्रकारात धातूची कडी असतात व सुटी पाने कोठेही घालता-काढता येतात. गायनमंडळाची गीते, पाककृती, शिक्षकांची टिपणे यांचा क्रम वारंवार बदलतो. त्यांना कडीच बरी. मात्र पैशांच्या हिशेबाला सुटी पाने घेऊ नयेत. पान काढणे जितके सोपे, तितके ते हरवणेही सोपे. कडी घेताना ती मिटून उजेडाकडे धरावीत. फट दिसल्यास पाने तेथेच फाटणार असे समजावे.

आता कापड-कातड्याचा विचार. खऱ्या कातड्याच्या कापलेल्या कडेला तंतू दिसतात. नकली मालाच्या कडेला वर मुलामा व खाली विणलेले कापड दिसते. कातड्याचा चुरा चिकटवून केलेला मालही 'कातडे' म्हणून विकला जातो, आणि तो घडीच्या जागी लवकर तडकतो. पॉलियुरेथेनचा मुलामा दिलेले नकली कातडे दिसावयास मऊ व सुरेख असले, तरी गोवा-कोकणासारख्या दमट हवेत काही वर्षांत त्याचे पापुद्रे सुटू लागतात. खरे कातडे योग्य निगा राखल्यास पुष्कळ वर्षे जाते. पावसाळ्यात त्याला बुरशी येते खरी. ती कोरड्या कापडाने पुसून वस्तू सावलीत वाऱ्यावर ठेवावी. कडक उन्हात वाळवू नये व प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नये.

कोल्हापुरी चपलेला 2019 साली जे भौगोलिक मानांकन मिळाले, त्यात महाराष्ट्रातील चार जिल्ह्यांबरोबर बेळगाव, धारवाड, बागलकोट व विजापूर हेही आहेत. त्या भागात राहणाऱ्यांनी दूरच्या शहरातून महाग वस्तू मागविण्यापूर्वी जवळच्या चर्मकार बंधूंस एकदा विचारून पाहावे. माप आपले, काम त्यांचे, व पैसा गावातच.

ज्यांस तेवढाही खर्च नको, त्यांनी कापडाचे वेष्टन घरी शिवावे. एक सेंटिमीटर जाडीच्या ए-पाच वहीसाठी सुमारे 47 × 24 सेंटिमीटरचे कापड पुरे. त्यात दोन्ही बाजूंच्या सात-सात सेंटिमीटरच्या कप्प्यांचा व शिवणीचा हिशेब आला. तेवढेच अस्तर घ्यावे. कापड आधी धुऊन घ्यावे, नाहीतर पहिल्याच धुण्यात ते आटते व वही बसत नाही. जाड खादी टिकाऊ. गुळेदगुड्डच्या खणाचा उरलेला तुकडा असेल तर शोभाही येते. शिवणकाम शिकणाऱ्या मुलींना हा चांगला पहिला धडा होईल.

राहिला प्रश्न खर्चाचा. पुढील आकडे केवळ समजुतीसाठी आहेत. वाचकांनी आपल्या बाजारातील भाव घालून पाहावे. कातड्याचे वेष्टन 1500 रुपयांचे असून दहा वर्षे टिकले, तर वर्षाला 150 रुपये पडले. नकली कातड्याचे 300 रुपयांचे दोन वर्षे टिकले, तरी वर्षाला 150 च. म्हणजे स्वस्त ते स्वस्तच असे नाही. आता आतील वही पाहा. खास मापाची वही 250 रुपयांची व वर्षाला तीन लागल्या, तर दहा वर्षांत 7500 रुपये. गावातील 60 रुपयांची वही घेतली, तर 1800. फरक 5700 रुपयांचा. खरा खर्च कोठे दडला आहे, हे यावरून दिसेल.

एखाद्याकडे भेट आलेले वेगळ्या मापाचे वेष्टन आधीच असेल, तर निराश होऊ नये. प्रवासाच्या त्या जपानी वहीचे आतील माप 110 × 210 मिलिमीटर आहे. ए-चार कागदाची 297 मिलिमीटरची लांबी कापून 220 करावी व मधोमध घडी घालावी. नेमके तेच माप मिळते. अशी पंधरा-सोळा पाने एकात एक घालून घडीवर तीन छिद्रे पाडावीत व जाड दोऱ्याने शिवावीत, की वही तयार. शाईच्या पेनाने लिहिणाऱ्यांनी कागद थोडा जाड घ्यावा. पातळ कागदावर शाई फुटते.

शेवटी एक सूचना. वही भरली म्हणजे ती वेष्टनातून काढून रद्दीत टाकू नये. पहिल्या पानावर कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंतची ती आहे हे लिहावे व सर्व जुन्या वह्या क्रमाने एका कोरड्या पेटीत ठेवाव्यात. दिलेले पैसे परत आले की नाहीत, कोणत्या औषधाने मुलाच्या अंगावर पुरळ उठला होता, विहिरीच्या कामास किती खर्च आला, हे प्रश्न पाच वर्षांनीही उद्भवतात. आणि त्या वेळी उत्तर त्या पेटीतच सापडते.