पीसझड आणि जंताचे औषध : कबुतरपालनातील एका वादाचा मागोवा

बुलढाणा जिल्ह्यात माणसाचा मुलूख विचारताना तो घाटावरचा की घाटाखालचा, एवढे कळले तरी पुष्कळ कळते. आणि कबुतरांच्या पोटातील जंतांचा विचार करू लागले तरी आरंभ ह्याच प्रश्नापासून करावा लागतो. घाटाखाली, पूर्णेच्या काळ्या मातीत वसलेल्या मलकापूर, नांदुरा, खामगावाकडे वैशाखात पारा 45 अंशांच्या आसपास जातो, पत्र्याच्या ढाबळीत पडलेली विष्ठा दुसऱ्या दिवशी वाळून चुरा होते, आणि त्या चुऱ्यातील जंतांची अंडीही उन्हाने व कोरडेपणाने बहुतांशी निकामी होतात. तीच ढाबळ श्रावणात, विशेषतः घाटावरच्या चिखली-मेहकराकडील झडीत, आठवडेच्या आठवडे ओली राहते. गोल जंताचे जाड कवचाचे अंडे अशा दमट उबेत दोन-तीन आठवड्यांत संसर्गक्षम होते, दाण्याबरोबर पक्ष्याच्या पोटात जाते, आणि सुमारे सहा आठवड्यांत तेथील जंत स्वतः अंडी घालू लागतो. निसर्गाची योजना अशी की कबुतराची जुनी पिसे झडून नवी येण्याचा काळही नेमका हाच. पंखाची दहा मोठी पिसे आतून बाहेर, एकामागून एक, ज्येष्ठापासून कार्तिकापर्यंत बदलत जातात. अंगावरची पिसे भाद्रपद-आश्विनात एवढी झडतात की ढाबळीच्या कोपऱ्यात त्यांचे ढीग लागतात. ज्या महिन्यांत पक्ष्याला प्रथिनांची सर्वांत अधिक गरज, त्याच महिन्यांत त्याच्या आतड्यातील वाटेकरी वाढलेले, असा हा योग आहे. आणि त्या दिवसांत जंताचे औषध द्यावे की न द्यावे, हा वाद कबुतरबाजांमध्ये म्हणूनच कधी मिटलेला नाही.

कबुतरांचा नाद ह्या मुलखाला परका नाही. अबुल फजलाच्या ज्या ‘आईन-इ-अकबरी’त वऱ्हाड सुभ्यातील मेहकर सरकारच्या महसुलाची नोंद आहे, त्याच ग्रंथात बादशहाच्या कबुतरखान्याचेही वर्णन आहे : वीस हजारांहून अधिक पक्षी, त्यांतील पाचशे खासे, आणि ह्या खेळाला अकबराने दिलेले नाव ‘इश्कबाजी’. गिरेबाज, लोटन, लक्का ही कबुतरांच्या जातींची नावे त्या दरबारी परंपरेतून आली आणि गावोगावच्या गच्च्यांवर टिकली. पीसझडीला जुने उर्दूभाषी कबुतरबाज कुरीज म्हणतात, आणि कुरिजेत पक्षी उडवायचा नाही, जोडी लावायची नाही, पकडून त्रास द्यायचा नाही, हा दंडक पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. त्यात औषधाचा निषेध पुढे केव्हा मिसळला, ह्याचे दफ्तर कोणी ठेवलेले नाही. परंतु तो का मिसळला असावा, ह्याचा माग काढता येतो.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत औषध म्हणजे परसातले. वावडिंगाची पूड, ओवा, लसूण, कडुनिंबाचा पाला आणि पळसपापडी, म्हणजे जिल्ह्यातील डोंगरउतारांवर फाल्गुनात पेटणाऱ्या पळसाचे बी. ह्यांतील वावडिंग व पळसबी यांचा कृमिघ्न गुण आयुर्वेदाने प्राचीन काळापासून मान्य केला आहे. अडचण गुणाची नसून मात्रेची होती. माणसासाठी सांगितलेली चिमूट 350 ग्रॅम वजनाच्या पक्ष्याला किती, हे ज्याच्या त्याच्या हाताच्या अंदाजावर सोपवलेले असे. सरकारी मदत मागावी तर ढोरांचा दवाखाना नावाप्रमाणे ढोरांचाच. जिल्हा 1956 पर्यंत मध्य प्रदेशात होता, मग द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला, 1960 मध्ये महाराष्ट्रात आला, 1962 मध्ये जिल्हा परिषदा स्थापन झाल्या. हुकूम काढणारे अंमलदार बदलत गेले तरी दवाखान्यापुढे उभा राहणारा बैल आणि त्याचे फऱ्या, घटसर्प, बुळकांडी हे रोग तेच राहिले. ज्या शेतकऱ्याची पेरणी एका बैलावर अडली आहे, त्याच्या पुढे कबुतराची टोपली घेऊन उभे राहण्याचा संकोच कबुतरबाजाला वाटला, तर त्यात गैर काही नव्हते.

पुढे 1950 च्या दशकात जंतनाशक म्हणून रूढ झालेले पायपरेझिन कोंबड्यांच्या औषधांबरोबर बाजारात आले, पाण्यात सहज मिसळू लागले, आणि त्याने कबुतरबाजांवर मोहिनी घातली. ह्या औषधाने गोल जंताचे स्नायू लुळे पडतात आणि तो विष्ठेबरोबर जिवंतच बाहेर वाहून येतो. दुसऱ्या सकाळी ढाबळीत बोटाएवढे पांढरे जंत वळवळताना दिसले की मालकाचे समाधान होई. मात्र हे समाधान फसवे होते. कबुतराला खरोखर खंगवणारा जो केसासारखा बारीक जंत आतड्याच्या अस्तरात शिरून राहतो, त्यावर पायपरेझिनचा प्रभाव पडत नाही. तो डोळ्यांनी सहसा दिसत नाही, सूक्ष्मदर्शकाखाली त्याची लिंबाच्या आकाराची, दोन्ही टोकांना बूच बसवल्यासारखी अंडी तेवढी ओळखता येतात. त्यामुळे मोठे जंत पाडूनही पक्षी छातीच्या हाडावर सुकत जाई, आणि मालक दोष दाण्याला देई. पिसांना मात्र ह्या औषधाने अपाय केल्याचे गाऱ्हाणे कोणी केले नाही, आणि पुढील कथेत हीच गोष्ट महत्त्वाची आहे.

थायबेंडाझोल 1961 मध्ये आले आणि त्याच्या मागोमाग त्याच कुळातील मेबेंडाझोल, फेनबेंडाझोल, अल्बेंडाझोल ही औषधे पुढील दोन दशकांत आली. गुराढोरांत ती इतकी निर्धोक ठरली की मात्रा दुप्पट झाली तरी चिंता नको, असा लौकिक पसरला. आणि केसजंतावरही चालणारे औषध अखेर हाती आले, ह्या आनंदात ती कबुतरांना सर्रास, पीसझडीतही, दिली जाऊ लागली. फळ काही आठवड्यांनी दिसे. नवे पीस प्रथम निळसर, रक्ताने भरलेल्या काडीसारखे त्वचेतून वर येते, तिच्या टोकाचे वेष्टन फुटून कुंचल्यासारखे तंतू मोकळे होतात, आणि काडी वाढत जाईल तसतसे पाते उलगडते. औषध दिलेल्या दिवसांत जो भाग घडत असेल तो पुढे आखूड, विरळ, कडेने कुरतडल्यासारखा निघे. कधी दांड्याला त्याच जागी मुरड पडे. बिघडलेले पीस दुरुस्त होत नाही. पुढच्या पीसझडीपर्यंत, म्हणजे जवळजवळ वर्षभर, गिरेबाज त्याच पंखावर आभाळात जातो आणि इतरांच्या आधी खाली उतरतो.

ह्याचे कारण औषधाच्या गुणातच आहे. ह्या कुळातील द्रव्ये जंताच्या पेशींतील ज्या सूक्ष्म नळ्यांवाचून पेशीचे विभाजन होत नाही, त्या नळ्याच बनू देत नाहीत. आणि पक्ष्याच्या शरीरात जेथे पेशी झपाट्याने विभागत असतात, म्हणजे आतड्याचे अस्तर, अस्थिमज्जा आणि नव्या पिसाचे मूळ, तेथेही त्यांचा फटका बसू शकतो. कबुतरे आणि पारवे यांच्या वर्गातील पक्षी ह्या बाबतीत विशेष नाजूक आहेत. फेनबेंडाझोल व अल्बेंडाझोल यांच्यामुळे त्यांच्या आतड्याचे अस्तर झडल्याचा, मज्जा क्षीण झाल्याचा आणि पक्षी दगावल्याचा सविस्तर वृत्तांत पक्षिवैद्यकाच्या एका अमेरिकन नियतकालिकात 2002 मध्ये प्रसिद्ध झाला. कुरिजेत औषध नको म्हणणारे म्हातारे तोवर अडाणी ठरवले गेले होते.

त्यांचे म्हणणे मी सर्वस्वी मान्य करीत नाही. जवस, करडई, डाळी घालूनही जो पक्षी श्रावणात हलका होत चालला आहे आणि ज्याच्या विष्ठेत अंडी सापडली आहेत, त्याला कार्तिकाची वाट पाहायला लावणे म्हणजे जंतांना तीन-चार महिन्यांचे इनाम देणे होय. उपासमारीतही नव्या पिसावर आडवी रेघ उमटते आणि पीस पुढे तेथेच मोडते. निषेध एका कुळाच्या औषधांपुरता खरा, सर्व औषधांपुरता नव्हे. लेव्हामिझोल 1960 च्या दशकातच निघाले आहे. ते कडू, कबुतर ते पिऊन बरेचदा ओकते, आणि योग्य मात्रा व घातक मात्रा यांत अंतर थोडे असल्याने वजन करून, वैद्याच्या सांगण्याप्रमाणेच द्यावे लागते. पण पिसे बिघडवण्याचा आरोप त्याच्यावर नाही. आयव्हरमेक्टिन ह्या जंतनाशकाच्या जनकांना 2015 मध्ये नोबेल मिळाले तरी कबुतराच्या जंतांवर त्याचे यश अनिश्चित आणि पट्टकृमीवर शून्य, हेही येथे नमूद केले पाहिजे.

त्याच 2015 मध्ये राष्ट्रीय जंतनाशक दिनाची मोहीम सुरू झाली आणि शाळा-अंगणवाड्यांतून अल्बेंडाझोलची 400 मिलिग्रॅमची गोळी घराघरांत ओळखीची झाली. मुलांच्या दृष्टीने उपक्रम उत्तम. परंतु ओळखीच्या गोळीचा पाव तुकडा कबुतराच्या चोचीत सारणारा हात आजही आढळतो. हिशेब करून पाहावा : 20 किलोच्या मुलाला किलोमागे 20 मिलिग्रॅम पडतात, तर 350 ग्रॅमच्या पक्ष्याला त्या पाव तुकड्याने किलोमागे 285, म्हणजे चौदा पट. बेतशुद्ध वाटणारा तो तुकडा वावडिंगाच्या चिमटीहून कितीतरी अधिक बेहिशेबी आहे.

आता अकोल्याची पदव्युत्तर पशुवैद्यक संस्था खामगावापासून तासाभराच्या वाटेवर आहे, आणि मिठाच्या संपृक्त पाण्यावर अंडी तरंगवून विष्ठा तपासणे हे तालुक्याच्या दवाखान्यातही होण्याजोगे काम आहे. तपासणी ज्येष्ठात, जोड्या मोडल्यावर आणि पहिले मोठे पीस गळण्यापूर्वी करावी, जे औषध द्यायचे ते त्या वेळी द्यावे, आणि दुसरी पाळी दहावे पीस पूर्ण वाढल्यावर घ्यावी, हा बंदोबस्त सुचवताना एक गोष्ट मात्र बजावून सांगावी लागते. औषधानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ढाबळीची जमीन खरवडून कोरडी केली नाही, तर बाहेर पडलेली अंडी पावसाच्या ओलीत तयार होऊन त्याच थव्याच्या पोटात परत जातात, आणि भाद्रपदात, अंगावरची पिसे सर्वांत अधिक झडत असताना, ढाबळीत ज्येष्ठाइतकेच जंत पुन्हा असतात.