बरं करायला आजारच नाही

जुन्नर-आंबेगावच्या वाडीवस्तीवर एखादा कबड्डीपटू आणि मेंढ्या राखणारा तरुण एकमेकांच्या प्रेमात पडले, तर घरचे काय करतात? घाईने लग्न लावतात, अंगारा-धुपारा करतात, नाहीतर डॉक्टरांकडे ‘याला बरं करा’ म्हणून आणतात. समलिंगी प्रेम हा आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्येच ते आजारांच्या यादीतून वगळले. आपल्याकडे २०१८ पासून प्रौढांचे संमतीचे संबंध गुन्हा नाहीत. २०१९ मध्ये धावपटू द्युती चंदने आपले समलिंगी नाते जाहीर केले. मुलाला ‘बदलणारे’ उपचार हे २०२२ पासून डॉक्टरांसाठी व्यावसायिक गैरवर्तन आहे. लपवण्याच्या ताणाने मात्र झोप उडते, नैराश्य येते, जीव नकोसा होतो. उपचार त्यावर हवेत. त्यासाठी ‘टेली-मानस’चा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे. पहिला आधार मात्र घरातूनच मिळायला हवा.