काचेवरील फिल्म बसवताना धूळ टाळणे

मोटारीच्या काचेवर आतील बाजूने लावली जाणारी फिल्म पॉलिएस्टरची असून तिच्या एका बाजूस गोंदाचा थर असतो. गोंद व काच यांच्यामध्ये अडकलेला धूलिकण फिल्मला उचलून धरतो आणि त्याच्याभोवती हवा राहून ठिपका दिसतो. पाण्यामुळे आलेला धूसरपणा काही दिवसांत नाहीसा होतो. धुळीचा ठिपका मात्र फिल्म काढल्याशिवाय जात नाही.

धुळीचे स्रोत

गोंदावरील संरक्षक आवरण सोलताना स्थिर विद्युत निर्माण होऊन हवेतील कण फिल्मकडे ओढले जातात. काचेच्या कडेच्या रबरी पट्ट्यांत साचलेली माती, कपड्यांचे तंतू व पंख्याचा वारा हे अन्य स्रोत होत.

प्रतिबंधक उपाय

* काम बंदिस्त जागेत, पंखा बंद ठेवून करतात व जमिनीवर पाणी शिंपडतात.
* काच साबणाच्या पाण्याने धुऊन पात्याने खरवडतात. किंचित खाली घेऊन तिची वरची कडही पुसतात.
* पुसण्यासाठी तंतू न सोडणारे कापड वापरतात.
* आवरण सोलताना गोंदावर सतत साबणपाणी फवारतात.
* रबरी पट्टीने पाणी मध्यापासून कडांकडे सारतात.

फिल्म पूर्ण सुकेपर्यंत काच खाली करत नाहीत.